महाराजांच्या कोपाची शुद्ध प्रत

सोमवार, ३ मार्च

पोथी उघडण्यापूर्वी हात धुवावेत, तसे नवी वही उघडण्यापूर्वी मन धुवावे, असे माझे मत आहे. आज ते साधले नाही. गाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी चार तास माझ्या खांद्यावर झोप काढली, आणि उतरताना मलाच म्हणाले, "आजी, जरा सरकून बसत जा." क्षमा हा थोरांचा अलंकार खरा, परंतु तो आज मी सामानात बांधून ठेवला होता.

भाचीच्या घरी सुखरूप पोहोचले. रात्र रात्र जागायची खोड लहानपणापासून, म्हणून घरात सारे तिला पिंगळी म्हणतात. तिच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया परवा झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आहे आणि तो जागेवर राहावा म्हणून बारा दिवस पालथे पडून राहायचे, अशी नेत्रवैद्यांची आज्ञा. उजवा डोळाही उगाच फिरवायचा नाही. पलंगावर भोक पाडलेली एक फळी आणून लावली आहे. त्या भोकात चेहरा, आणि चेहऱ्यासमोर फरशी. जावई जहाजावर अभियंता. महिनाभर तरी किनारा नाही. म्हणून मी आले.

आकाशाचा अभ्यास करणारी मुलगी बारा दिवस फरशी पाहत पडली आहे. जगन्नियंत्याच्या विनोदबुद्धीविषयी मी कधीच शंका घेतली नव्हती.

मंगळवार, ४ मार्च

आज माझी नियुक्ती झाली.

सूप नळीने पाजून झाल्यावर पिंगळी फरशीला उद्देशून म्हणाली, "मावशी, तुला आकडे वाचता येतात ना गं?"

मी म्हटले, "मी छत्तीस वर्षे हस्तलिखिते वाचली. वाळवीने खाल्लेल्या जागेतला शब्दही मला वाचता येतो."

"तेवढं नको. आहे तेवढंच वाच."

प्रकरण असे. आपल्या आकाशगंगेसारखी एक दूरची दीर्घिका आहे. तिच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर असून ते सभोवतालचे सारे गिळत असते, आणि गिळता गिळता दोन बाजूंना झोत फेकते. त्यातला एक झोत नेमका आपल्या दिशेने रोखलेला आहे.

"म्हणजे जेवताना समोरच्याच्या अंगावर शिंतोडे उडवणारा पाहुणा," मी म्हटले.

"अगदी तोच! आणि ते शिंतोडे म्हणजे गॅमा किरण. सगळ्यांत जहाल प्रकाश. तो हवेतून खाली येत नाही, म्हणून वर एक उपग्रह फिरतोय. तो मोजतो आणि सकाळ-संध्याकाळ आकडा पाठवतो. एरवी चारच्या आसपास असतो. दहाच्या वर गेला की भडका! मग मी जगाला सूचना पाठवायची, की सगळ्या दुर्बिणी तिकडे वळवतात."

"तो प्रकाश तेथून निघून किती काळ झाला?"

"पाच अब्ज वर्षं."

"पाच अब्ज वर्षे वाट पाहिली, तर अर्ध्या तासाने काय बिघडते?"

"सगळं बिघडतं. भडका दोन-चार दिवसांत विझतो. विझला की गेला."

आकड्यांचा तक्ता चित्ररूपाने येत असल्यामुळे संगणकाला तो मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून हा मान मला. दीर्घिकेचे नाव म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरे. परमेश्वराच्या कृतीला टपालपेटीसारखे नाव देणे मला रुचले नाही. मी तिला 'कोपिष्ट महाराज' म्हणण्याचे ठरवले.

सकाळी ४.१. सायंकाळी ३.८. त्यानंतर प्रमुखांकडे जायचा दोन ओळींचा अहवाल पिंगळीने सांगितला आणि मी एका बोटाने टंकला. ती फारच कोरडे सांगते. आरंभी 'सविनय सादर' एवढे मी पदरचे घातले.

गुरुवार, ६ मार्च

४.० आणि ४.४. महाराज शांत आहेत. मी पूजेच्या वेळी त्यांच्या शांतीसाठी अकरा वेळा जप केल्याचे सांगताच फळीखालून किंकाळी आली.

"शांती नको, मावशी! भडका हवाय! तुझा जप आवर!"

कोणाचा क्रोध वाढावा म्हणून प्रार्थना करण्याची वेळ माझ्यावर या वयात यावी! मी मध्यममार्ग काढला: 'जे त्यांच्या प्रकृतीस मानवेल ते घडो.'

दुपारी खरी गोष्ट बाहेर पडली. शस्त्रक्रियेचे तिने कार्यालयात कळवलेलेच नाही.

"घरून काम करतेय एवढंच सांगितलंय. या पंधरवड्यात माझी नेमणूक पुढे वाढवायची की नाही, त्याचा निर्णय आहे. गेल्या वर्षी मी घाई केली, भडका म्हणून सूचना पाठवली, आणि तो उपग्रहाचाच गोंधळ निघाला. पाच दुर्बिणी वळल्या होत्या गं! मौनी काय म्हणाले माहितेय? 'लांडगा आला.' बास. तेव्हापासून सगळे मला तेच म्हणतात."

मौनी म्हणजे तिचे प्रमुख. एका वेळी दोनांहून अधिक शब्द बोलले तर लोक त्यांचा ताप मोजतात, असे ती म्हणते.

"आता यातलं एक तरी झालं ना, की खोटी सूचना गेली किंवा खरा भडका हुकला, तर नेमणूक गेली. आणि डोळ्याचं कळलं तर हे काम दुसऱ्याला देतील. म्हणून तू वाच, मी विचार करते. बरोबर वाच, एवढंच."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अशुद्ध पाठामुळे कुळे बुडाल्याची उदाहरणे ग्रंथांत आहेत. माझ्या हयातीत तरी तिच्यापुढे अशुद्ध पाठ जाणार नाही, असा मी मनोमन संकल्प केला.

शनिवार, ८ मार्च

३.९. ४.२. लिहिण्यासारखे काही नाही. पिंगळीला फरशीच्या एका ठिपक्यात उंट दिसतो. मी वाकून पाहिले. मला तो स्पष्टपणे गणपती वाटला. यावर वाद झाला.

रविवार, ९ मार्च, सकाळ

आज हातून एक छोटे, परंतु समाधानाचे काम घडले.

तक्ता उघडला तो समोर ४३.१! क्षणभर मीही दचकले. परंतु आयुष्यभर प्रती ताडून पाहिलेल्या माणसाला असे धक्के नवीन नाहीत. दहा पाठ चाराच्या आसपास आणि अकरावा एकदम त्रेचाळीस? लेखनिकाची डुलकी, दुसरे काय! बिंदू एक घर उजवीकडे सरकला आहे. मूळ पाठ ४.३१ असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. इतकेच नव्हे, तर यंत्राने स्वतःच तो आकडा तांबड्या चौकटीत टाकला होता. आम्हीही संशयित जागा तांबड्या शाईनेच दाखवीत असू. यंत्राची ही विनयशीलता पाहून त्याच्याविषयी आदर वाढला.

मी खणखणीत स्वरात वाचले, "चार पूर्णांक एकतीस."

"दोन आकडे पॉइंटनंतर? रोज एकच असतो ना?"

"आज यंत्र अधिक काटेकोर आहे."

"असेल. रविवारी वेगळ्या पद्धतीने काढत असतील," ती म्हणाली आणि सूप ओढू लागली.

गेल्या वर्षीच्या लांडग्याची आठवण देऊन तिला व्यर्थ का घाबरवायचे? विद्वत्ता ही अशीच निमूटपणे उपयोगी पडावी.

रविवार, सायंकाळ

लेखनिक अजून झोपेतच आहे. ६१.७, पुन्हा तांबड्या चौकटीत. ६.१७ असे शुद्ध करून वाचले.

"सहा? चढतोय गं!" तिचे पाय पलंगावर आपटू लागले. "दहा झाला ना, की लगेच. पण दहा होऊ देत. या वेळी मी घाई करणार नाही. दाताखाली जीभ धरून बसेन."

मला तिचा अभिमान वाटला. धैर्य असे संकटातच शिकता येते.

सोमवार, १० मार्च

क्रमाने लिहिते.

सकाळी ७२.४ होते. मी ७.२४ वाचले. पिंगळी रात्रभर झोपली नव्हती.

"चार, सहा, सात. दहा नाही होत आणि खालीही येत नाही. काय करू मावशी? पाठवू? पुन्हा लांडगा म्हणतील."

तिची ती तगमग पाहवेना. धीर द्यावा म्हणून, तिच्या डोक्याशी पाट मांडून बसत मी म्हटले, "अगं, तुझे नशीब समज की वाचायला मी आहे. ते यंत्र तर काल सकाळपासून त्रेचाळीस, एकसष्ट, बहात्तर असे भलतेच बरळते आहे. मी वेळच्या वेळी बिंदू जागेवर आणला नसता, तर तू केवढी घाबरली असतीस!"

 

"मावशी," ती अगदी हळू म्हणाली, "पडद्यावर काय लिहिलंय? अक्षर अन् अक्षर."

"बहात्तर, मग बिंदू, मग चार. तांबड्या चौकटीत. परंतु ती चौकट म्हणजे..."

"तांबडं म्हणजे भडका! मावशी!! दहाच्या वर गेलं की तांबडं होतं!"

ती उठू लागली. मी तिच्या पाठीवर दोन्ही हात रोवून ओरडले, "बुडबुडा! बुडबुडा सांभाळ!" अडुसष्टाव्या वर्षी मी प्रथमच कोणाला बळाने दाबून धरले.

"मग लिही! लिही लवकर!"

ती फरशीला सांगत होती आणि माझी तर्जनी अक्षरे शोधत होती. दीर्घिकेचे नाव. तीन आकडे. त्यांच्या तीन वेळा. सर्व दुर्बिणींनी तत्काळ वळावे ही विनंती. 'सविनय' मी या वेळी गिळला. मग ती म्हणाली, "आता लिही: पहिला आकडा सव्वीस तासांपूर्वी आला होता, आमच्याकडून वाचण्यात चूक झाल्यामुळे सूचनेला उशीर झाला."

माझे बोट थांबले. "हे कशाला? आकडे गेले की पुरे. सत्य बोलावेच, पण विचारल्यावर."

"तूच हे म्हणतेस? आम्हाला लहानपणी मांडीवर घेऊन सत्याच्या गोष्टी सांगणारी तू?"

"त्या गोष्टींतील कोणाच्याही नेमणुकीचा निर्णय पंधरवड्यावर नव्हता, बाळ."

"लिही, मावशी. कालपासून कुणाचं यंत्र योगायोगाने तिकडे बघत असेल, तर त्याला वेळ कळायला नको? मी गप्प बसले तर तेही गेलं."

मी लिहिले. एकेक अक्षर तिच्या नेमणुकीवर माती लोटल्यासारखे वाटत होते. दहा वाजून चार मिनिटांनी सूचना गेली. दहा वाजून वीस मिनिटांनी समुद्रापलीकडच्या गटाची सूचना आली. सोळा मिनिटांनी आम्ही पहिले. सव्वीस तासांनी आम्ही शेवटचे.

दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. सूपही तिने हाताने चाचपडत स्वतःच घेतले आणि अर्धे फरशीवर सांडले. मी पुसले.

आमच्या शास्त्राचा पहिला धडा असा: दोन पाठांतील अधिक कठीण पाठ बहुधा मूळ असतो, कारण सोपे करण्याची खोड नक्कल करणाऱ्याला असते. हा धडा मी छत्तीस वर्षे शिकवला. विद्यार्थिनींना नापास केले त्यापायी.

मंगळवार, ११ मार्च

मौनींचा फोन. पिंगळीने तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सव्वीस तास?"

 मला राहवले नाही. मी फोन उचलला आणि सारा अपराध माझा असल्याचे निवेदन केले. पाठशुद्धीची परंपरा, लेखनिकांच्या डुलक्यांचे प्रकार, संकल्प आणि अहंकार यांतील सूक्ष्म भेद, ज्ञान्याचे पतन अज्ञान्याच्या पतनाहून भयंकर का, हे सारे सप्रमाण सांगितले. घड्याळाप्रमाणे पस्तीस मिनिटे झाली. त्यांनी एकदाही अडवले नाही. असा श्रोता मला व्याख्यानमालेतही लाभला नव्हता. पिंगळी नंतर म्हणाली की त्यांनी फोन टेबलावर ठेवला असेल. मला ते पटत नाही.

शेवटी ते म्हणाले, "भाचीला द्या."

पिंगळीने शस्त्रक्रियेचे सांगून टाकले. आवाज इतका लहान झाला होता, की सात वर्षांची असताना माझी शाईची दौत सांडून उभी राहिली होती, तेव्हाचा तो आवाज.

"माहीत होतं."

"कसं, सर?"

आणि मौनी बोलले! "आठवडाभर तुझे अहवाल 'सविनय सादर' करून येतायत. तू आजवर मला साधा नमस्कारही लिहिला नाहीस. म्हटलं, कुणीतरी सुसंस्कृत माणूस घरात आलंय."

वीस शब्द. पिंगळीने मोजले.

"आणि नेमणूक, सर?"

"समिती बघेल," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पूजेला बसले, परंतु काय मागावे ते सुचेना. नुसती हात जोडून बसले.

बुधवार, १२ मार्च

सकाळी ८८.२. सायंकाळी ५२.६. तांबड्यासकट वाचले. जगातल्या अकरा दुर्बिणी महाराजांकडे वळल्या आहेत. पिंगळी माझ्याशी बोलू लागली आहे, पण आकडा झाला की प्रत्येक वेळी विचारते, "आहे तसा?" आणि मी म्हणते, "आहे तसा." न्यायालयात साक्षीदाराला इतक्यांदा शपथ देत नसतील.

शुक्रवार, १४ मार्च

९.४, साध्या चौकटीत. महाराजांचा कोप उतरला.

नेत्रवैद्यांनी बसण्याची परवानगी दिली. वाचन अजून आठ दिवस नाही. पिंगळी खुर्चीत बसून भिंतीकडे अशा भक्तीने पाहत होती, जणू भिंत हा नवा अवतार आहे.

दुपारी मौनींचा फोन. एका पठारावर पाण्याच्या शेकडो टाक्या मांडून आकाशातून कोसळणारे कण पकडणारे यंत्र आहे. ते कुठे वळत नाही. डोक्यावरून जाईल ते सारे टिपते. मात्र तिथल्या कच्च्या नोंदी तीन दिवसच ठेवतात, मग पुसतात. आमच्या सूचनेतली सव्वीस तासांची ओळ वाचून तिथल्या कोणीतरी रविवारच्या नोंदी पुसण्यापूर्वी काढून ठेवल्या. भडक्याचा आरंभ त्यांत सापडला. समुद्रापलीकडच्या सूचनेत फक्त सोमवारचा आकडा होता.

एवढे सारे मौनींनी "टाक्यांत सापडलं" अशा दोन शब्दांत सांगितले. बाकीचे पिंगळीने मला समजावले, हसत आणि रडत. रडू नकोस, डोळा आहे, असे मी दटावले.

"समिती?" तिने विचारले होते.

"आज बसते."

सोमवार, १७ मार्च

कार्यालयाचा लिफाफा आला. जाडा कागद, गोल शिक्का.

पिंगळीने तो उघडला, हात फिरवला आणि माझ्याकडे दिला. "वाच. आहे तसं."

मी उभी राहून वाचले. क्रमांक, दिनांक, स्वल्पविराम, अर्धविराम, सारे वाचले. 'उशिराविषयीची आपली चूक गंभीर असून तिची नोंद घेण्यात येत आहे.' तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. 'ती चूक आपण स्वतः सूचनेत नमूद केल्यामुळे जे हाती आले, त्याचीही नोंद घेण्यात येत आहे. आपली नेमणूक तीन वर्षांसाठी करण्यात येत आहे.'

"परत वाच."

"तीन वर्षांसाठी."

"मावशी, माझी शपथ आहे तुला. तीनच लिहिलंय?"

"अंकात तीन, कंसात अक्षरी तीन."

ती किंचाळत उठली, मला मिठी मारली, आणि आता आतल्या खोलीत समुद्रावरच्या जावयाला "तीन! अरे तीन! एक नाही, तीन!" असे फोनवर ओरडून सांगते आहे.

इथे, या वहीपुरते, एक लिहून ठेवणे मला प्राप्त आहे. तिच्या कपाटातील जुनी चार नेमणूकपत्रे मी धूळ पुसताना पाहिली आहेत. चारही 'एक वर्ष' म्हणतात. चार प्रती एका बाजूस आणि पाचवी एकटी दुसऱ्या बाजूस! अंक एकदा चुकला की अक्षरात तोच उतरतो, हा लेखनिकांचा जुना रोग. माझा अनुभव विचाराल तर मूळ पाठ निःसंशय 'एक' असणार.

मी एक अक्षर बोलले नाही. पत्र कपाटात सर्वांत वर ठेवले. उद्या-परवा कार्यालयाकडून दुरुस्तीपत्र येईलच. पिंगळीला अजून पाच दिवस वाचायचे नाही. ते पत्र तिला कोणी वाचून दाखवायचे, आणि दाखवायचे की नाही, हे मी अद्याप ठरवलेले नाही.